मु. पो. समुद्र

व्हिक्टोरिया बंदर, माहे बेट, सेशेल्स
बुधवार सकाळ, आणि पुढे जमेल तसं

ती. सौ. आईस,

तुझा फोन आला तेव्हा इथं सहा वाजले होते. तुमच्याकडे साडेसात, म्हणजे आमच्याकडे राहून परतलेली मावशी तुझ्याकडे चहाला येऊन, सगळं सांगून, घरीही परतली असणार. फोनवर तू मला एक वाक्य पुरं करू दिलं नाहीस, म्हणून हे लिहितेय. इथल्या बाजारातले एक गुजराती दुकानदार शुक्रवारी मुंबईला निघालेत, ते तिकडून पोस्टात टाकतील. वाचून झालं की मावशीलाही दे. तिच्या देखत मोठ्यानं वाचलंस तर आणखी बरं.

तर पहिली गोष्ट. मावशीला आम्ही समुद्रात टाकलं नाही. ती स्वतः उतरली. आम्ही राहतो ती बोट किनाऱ्यापासून लांब नांगरलेली असते, वाळूपर्यंत जायला छोटी रबरी डिंगी असते. ती वाळूला लागायच्या आधी श्रीरंग सांगत होता, "मावशी, थांबा, एवढी लाट जाऊ दे." मावशी म्हणाली, "मला नको शिकवूस, मी महापुरातून आलेय," आणि एका हातात पर्स, दुसऱ्या हातात निऱ्या धरून उतरली. पाणी गुडघ्याइतकंच होतं. मागून आलेली लाट मात्र कमरेइतकी होती. पर्स कोरडी राहिली, हे तिनं तुला सांगितलं का? 2019 साली सांगलीच्या गावभागातून तिला रबरी होडीत बसवून बाहेर काढलं, तेव्हापासून ती स्वतःला दर्यावर्दी समजते. त्या दिवशी तिनं जवानांनाही सूचना दिल्या होत्या, आठवतंय ना?

दुसरं, चाचे. कुलकर्णी वहिनींना सांग, चाच्यांचा तो सिनेमा आम्हीही पाहिलाय. 2010 च्या सुमाराला इथल्या समुद्रात सोमाली चाच्यांचा उपद्रव होता, खोटं नाही. पण आम्ही बेटांच्या आडोशानं हिंडतो, किनाऱ्यावरचा माणूस हात करतो तो दिसतो इतक्या जवळून. आणि आम्हाला लुटायला आलेला चाचा आमचा फ्रिज उघडून बघेल आणि जाताना दोन टोमॅटो ठेवून जाईल. टोमॅटोंचं पुढे येतंय.

पिंकीनं या स्थळालाही नाही म्हटलं? का गं? नोकरी बरी, मुलगा उंच, घरचे लोक हुंडा-बिंडा न मागणारे. तूच म्हणालीस की शिंकतो जरा जास्त. बाबा तर लग्नाच्या मांडवातही शिंकत होते, चाललाच ना तुमचा संसार! आणि दादानं गच्चीचं काम परत त्याच माणसाला दिलं? त्यानं मागच्या खेपेला पाणी आत यायचा रस्ता फक्त रुंद करून दिला होता. आमच्या घराच्या चारी बाजूंना आणि खाली पाणी, आत थेंब नाही. तुमचं घर विश्रामबागला जमिनीवर, आणि हॉलमध्ये पातेली मांडलेली. दादाला म्हणावं, श्रीरंगला फोन कर. फक्त तो सीलंट या विषयावर तासभर बोलेल, तेवढी तयारी ठेव.

बाबांनी नवी कवळी डबीतच ठेवलीय हे ऐकून मला काही सुचेना. एवढे पैसे घालून केलेली कवळी डबीत आणि माणूस गुरगुट्या भात खातोय. त्याचं नंतर बघते.

(थांब, कुकर.)

हां. आता इथं येण्याचा नियम, कारण तो मला अजून पचलेला नाही. या देशात यायला आपल्या लोकांना व्हिसा लागत नाही, असं मावशी भिशीत सांगत सुटलीय म्हणे. लागत नाही. पण निघण्याआधी संगणकावर प्रवासाची परवानगी काढावी लागते, तिचे पैसे भरावे लागतात, आणि त्या अर्जात तुम्ही रोज रात्री कुठं झोपणार ते लिहावं लागतं. रोज रात्री! हॉटेलचं नाव, पत्ता, बुकिंगचा कागद. मी लिहिलं, भाचीची बोट. अर्ज परत. मग बोटीचं नाव लिहिलं, नोंदणी क्रमांक लिहिला, 'व्हिक्टोरिया बंदरात नांगरलेली' असंही लिहिलं. उलट विचारणा आली, रस्ता कोणता? मी कळवलं, रस्ता नाही, पाणी आहे. मग मुक्कामाचा पुरावा जोडा म्हणाले. आता कसला पुरावा जोडायचा? नांगराचा फोटो? आमचा ईशान म्हणाला, अक्षांश-रेखांश देऊ. तेही दिले. खरं तर वारा फिरला की बोट नांगराभोवती फिरते, त्यामुळे काटेकोर बोलायचं तर आमचा पत्ता दिवसातून दोन-तीनदा बदलतो. पण ते मी कळवलं नाही.

शेवटी श्रीरंगनं कप्तान या नात्यानं पत्र लिहिलं, की सदरहू बाई माझ्या पत्नीच्या सख्ख्या मावशी असून त्यांच्या निवासाची, भोजनाची व सुरक्षिततेची संपूर्ण जबाबदारी माझी आहे. शिक्का हवा होता म्हणून मुक्तानं बटाट्याचा करून दिला. (हे मावशीला माहीत नाही. तुला तरी कशाला सांगतेय!) मग प्रश्न आला की पाहुणे लिहायचे की खलाशी? पाहुणे म्हटलं तर उद्या कुणी पर्यटनाच्या धंद्याचा परवाना मागायचा. म्हणून मावशी आणि काका दोघांची नावं खलाशांच्या यादीत घातली. काकांना 'विद्युत अभियंता' लिहिलं, ते खूश. मावशीसमोर 'स्वयंपाकी' लिहिलं तर तिनं अन्नत्यागाची धमकी दिली. शेवटी 'मुख्य अधिकारी' लिहिलं. ती सांगलीत जे सांगतेय की मी बोटीवर मुख्य अधिकारी होते, ते कागदोपत्री खरं आहे.

एवढं सगळं करून विमानतळावर शिक्का मारणाऱ्या माणसानं विचारलंच, राहणार कुठं? मावशी म्हणाली, "भाचीकडे." पत्ता? मावशीनं काचेतून बाहेर समुद्राकडे बोट केलं आणि म्हणाली, "तिथं." त्यानं हसून शिक्का मारला. मग एवढे दिवस माझं डोकं का खाल्लंत, हे विचारायला मी तिथं नव्हते.

पुढच्या टेबलावर मात्र हसू नव्हतं. बाहेरून आणलेली फळं, रोपं, बिया या बेटांवर परवान्याशिवाय आणता येत नाहीत. इथल्या झाडांना बाहेरची कीड लागू नये म्हणून, आणि ते मला पटतंही. पण आई, मावशीच्या बॅगेत साडीच्या घडीघडीत एकेक करून देवगड हापूस होता. वास लपतो का? ते सगळे आंबे तिथंच राहिले. मावशीनं त्या माणसाला कुठला आज खायचा, कुठला परवा, देठाशी दाबून कसं बघायचं ते सांगितलं. नियमानं ते नष्ट करतात हे तिला सांगायचा धीर आम्हाला झाला नाही. ती घरी, म्हणजे बोटीवर, आली तेव्हा तिच्या सगळ्या साड्यांना आंब्याचा वास होता. मुक्ता रात्री त्यातली एक पांघरून झोपली. मी म्हटलं, काढ, डाग पडेल. मग ती झोपल्यावर थोडा वेळ मीच तिच्याजवळ बसले.

असो. टोमॅटो. इथल्या चलनाचं नाव रुपया. काकांना पहिल्या दिवशी इतका आनंद झाला की विचारू नकोस. "परदेशात आलो असं वाटतच नाही!" मग आम्ही बाजारात गेलो. सर सेल्विन सेल्विन-क्लार्क मार्केट, केवढं नाव आणि केवढासा बाजार. मासळीच्या ओट्यांवर गायबगळे बसलेले असतात, गिऱ्हाइकासारखे, आणि कोळी त्यांना हाकलत नाहीत. टोमॅटो ऐंशी रुपये किलो. काका म्हणाले, "मग काय, आपल्याकडेही होतातच की!" दोन किलो घ्या म्हणाले, वर मिरच्या, वर कोथिंबिरीच्या चार काड्या. मी गप्प होते. पैसे देऊन झाल्यावर ईशाननं सांगितलं, "आजोबा, इथला एक रुपया म्हणजे आपले साधारण सहा." काका तिथंच मासळीच्या ओट्याला टेकले. बगळासुद्धा थोडा सरकला. टोमॅटो जवळजवळ पाचशे रुपये किलो! इथं बरंचसं जहाजानं बाहेरून येतं, आणि जे पिकतं ते डोंगराच्या उतारावर थोडंथोडकं. तेव्हापासून बोटीवर कोशिंबीर झाली की काका आधी ताटातले टोमॅटोचे तुकडे मोजायचे आणि मग मोठ्यानं रक्कम सांगायचे. कसा उतरणार घास घशाखाली?

तू विचारलंस, काकांनी त्रास दिला का? त्रास नाही. भारनियमन दिलं. उभी हयात महावितरणात गेलेला माणूस. आमच्या बॅटऱ्या आणि छतावरची सौर पॅनेलं बघितल्यावर त्यांचे डोळे चमकले. दुसऱ्या दिवशी गॅलीत, म्हणजे बोटीवरच्या स्वयंपाकघरात, वेळापत्रक चिकटलेलं होतं. मिक्सर फक्त अकरा ते दोन, ऊन डोक्यावर असताना. कारण साडेसातशे वॅटचा मिक्सर बारा व्होल्टच्या बॅटरीतून साठ-पासष्ट अँपिअर ओढतो, हे त्यांनी मावशीला चटणी वाटता वाटता समजावलं. तिनं ओल्या खोबऱ्याची चटणी सूर्याच्या वेळेनुसार करायची? लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर त्या दोघांना भांडायला इतका नवा विषय मिळाला की दोघं दोन दिवस टवटवीत होती. वेळापत्रक अजून तिथंच आहे. आम्ही पाळतोही.

आणि रोज सकाळी चहाचा कप घेऊन डेकवर आले की पहिला प्रश्न, "आज आयर्विनला किती फूट?" म्हणजे भरती किती, सांगलीच्या आयर्विन पुलापाशी कृष्णेची पातळी विचारावी तसं. पहिल्यांदा मी गंभीरपणे तक्ता काढून सांगितलं, सव्वापाच. "म्हणजे इशारा पातळीच्या पस्तीस फूट खाली. झोपा निवांत." इथं मोठ्यातली मोठी भरती सहा फुटांच्या आसपास, त्यामुळे त्यांना फारसं कामच उरलं नाही. काल सकाळी ईशाननं सवयीनं विचारलं, आयर्विनला किती? मी उत्तर दिलंच नाही, तक्ता आत ठेवून दिला.

(दुपार. मध्ये कपडे धुतले, पाऊस आला, कपडे परत धुतल्यासारखेच झाले. मुक्ताचा भूगोल राहिलाय.)

पाण्याची मात्र मला खरी भीती होती. आमचं यंत्र समुद्राचं पाणी पंपानं दाबून, पडद्यातून गाळून गोडं करतं, ताशी साठ लिटर. मावशी बघून म्हणाली, "म्हणजे आरओच की. आमच्या स्वयंपाकघरात आहे." तेच ते, फक्त दाब कितीतरी पट. आमच्याकडे मागे येऊन गेलेली श्रीरंगच्या ऑफिसातली मंडळी शॉवरखाली गाणी म्हणत होती आणि आमची टाकी दोन दिवसांत तळाला. मावशीनं काय केलं असेल? तिनं एक तांब्या मागितला. समुद्राच्या पाण्यानं सगळं अंग धुऊन वरून एक तांब्या गोडं पाणी, झाली अंघोळ. भांडी खाऱ्या पाण्यात विसळून शेवटी वाडग्यात गोड्या पाण्याचा हात. तांदूळ धुतलेलं पाणी डाळीला. कुणी शिकवलं? कुणीच नाही. नळाला एक दिवसाआड पाणी येणाऱ्या घरात तिचा जन्म गेला, आणि तुझाही. शेजारच्या बोटीवरची फ्रेंच बाई आमच्या डेकवर येऊन मावशीचं भांडी घासणं बघून गेली. पुस्तक वाचून, प्रशिक्षण घेऊन लोक जे शिकतात ते मावशी पिशवीत घेऊन आली होती. पाणी वाया घालवलं ते काकांनी, दाढी करताना नळ सोडून. त्यांना अँपिअर कळतात, लिटर कळत नाहीत.

संडासाबद्दल ती काय बोलली असेल ते माझ्या लक्षात आलं. हो, हातानं पंप मारावा लागतो. हो, वीस वेळा. हो, ती मोठ्यानं मोजायची. आम्हाला सगळ्यांना कळायचं.

प्रालँ बेटावर गेलो तो दिवस मात्र तिनं नीट सांगितलेला नाही असं दिसतं. माहेपासून पंचेचाळीस किलोमीटर. लाँचनं तासाभरात जाता येतं, शिडानं जायला आम्हाला दुपार झाली. मे संपताना आग्नेयेचा वारा धरतो, आणि प्रालँला जाताना तो आडवा लागतो, लाटही आडवी. काका सकाळीच पिवळे पडले. आलेपाकाच्या वड्या चघळत, क्षितिजाकडे बघत, कोपऱ्यात बसून राहिले. अँपिअरचं नाव नाही. मी वर सुकाणूवर होते. पाणी प्यायला म्हणून खाली डोकावले तर गॅलीत मावशी उभी. बोट अशी कलंडलेली की उभं राहायला ओट्याला कंबर टेकावी लागते. तिनं पदर खोचला होता, केसांचा तो आवळून घातलेला बुचडा, मानेवर दोन बटा सुटलेल्या. माझ्याकडे पाठ. कांदा चिरत होती आणि तुझ्यासारखंच नाकातल्या नाकात काहीतरी गुणगुणत होती. आई, तुम्हा दोघींच्या पाठी इतक्या सारख्या आहेत हे मला कुणी कधी सांगितलं नव्हतं. मी पाणी न पिताच वर आले. श्रीरंग म्हणाला, डोळ्यात खारं पाणी गेलं का? मी हो म्हटलं.

पोह्यांचं म्हणशील तर उत्तम झाले होते. कलंडलेल्या बोटीवर कांदेपोहे! आणि कुकरचं तिचं म्हणणं मला पटलं: दर्यावर जायला याहून चांगलं भांडं नाही, उलटलं तरी सांडत नाही.

प्रालँला व्हॅले द मे नावाचं जंगल आहे, 1983 पासून जागतिक वारशात. दर्याई नारळ फक्त इथं आणि शेजारच्या क्यूरिएझ बेटावर आपापला उगवतो. पूर्वी हे नारळ वाहत मालदीवला, आपल्या किनाऱ्याला लागायचे आणि झाड कुणाला ठाऊक नव्हतं, म्हणून लोक समजायचे की ते समुद्राच्या तळाशी लागतात. काकांना तो बघायचाच होता. लहानपणी मिरजेच्या दर्ग्याच्या उरुसात फकिराच्या हातात जी काळी वाटी बघितली होती, ती याच नारळाची. जगातली सगळ्यात जड बी ही. आकार कसा असतो ते मी लिहीत नाही, मावशीनं बघितल्या बघितल्या "मुलांनो, पुढे चला" म्हटलं एवढ्यावरून ओळख. त्यात नर झाडाचा तुरा वेगळा लटकत होता, त्याच्याकडे तर तिनं काकांनाही बघू दिलं नाही. गॉर्डन नावाचा एक इंग्रज सेनापती 1881 मध्ये इथं आला आणि त्याची खात्री पटली की बायबलातली ती बाग ती हीच, आणि ते फळ ते हेच. मावशी म्हणाली, "लष्करातल्या माणसाला एवढा वेळ कसा मिळतो?"

बाहेर दुकानात नारळ विकायला होता, सरकारी चिठ्ठी लावलेला, कारण दाखल्याशिवाय तो देशाबाहेर नेता येत नाही. किंमत साडेतीनशे युरो. आता काका सहानं गुणायला तयारच होते, पण युरो निघाला. पस्तीस हजारांच्या आसपास! काका नारळ हातात घेऊन बराच वेळ उभे राहिले. मावशी म्हणाली, "पस्तीस हजारांची वाटी घ्यायची आणि मग तीच घेऊन दारोदार फिरायचं का?" ठेवला खाली. एवढं एक मात्र मनाला लागलं माझ्या. त्यांना तो खरंच हवा होता.

क्यूरिएझला मोठी कासवं मोकळी हिंडतात. देवळात पायरीपाशी दगडी कासव असतं, हे जिवंत, म्हणून मावशीनं चप्पल काढून नमस्कार केला. मग कूर्मावताराला ओलांडून पुढे कसं जायचं? आम्ही सगळे त्याच्या मागून चालत राहिलो. ते मध्येच पानं खायला थांबलं. आमचं जेवण साडेतीनला झालं. व्हिक्टोरियाच्या गणपतीच्या देवळात तिनं आरती म्हटली ती मात्र फार छान झाली. देऊळ तमिळ लोकांचं, 1992 मधलं. पुजाऱ्यांना मराठी कळत नव्हतं, पण टाळ्यांचा ठेका त्यांनी बरोबर धरला.

आणि काकांना विचार, ध्रुव दिसला का म्हणून. रोज रात्री जेवण झालं की ते डेकवर उत्तरेकडे तोंड करून उभे. सांगलीत तो सतरा अंशांवर असतो, आम्ही विषुववृत्ताच्या चार-साडेचार अंश खाली, म्हणजे इथं तो क्षितिजाखालीच. मी सांगितलं, दिसणार नाही. तरी उभे. म्हणाले, "लग्नात गुरुजींनी दाखवायला बाहेर आणलं तेव्हा आभाळ भरलं होतं. तुझ्या मावशीला म्हटलं होतं, नंतर दाखवतो." मावशी आतून ओरडली, "गच्चीवरून दाखवा, इथं कशाला आणलंत!" तेव्हा तुमची गच्ची दुरुस्त झाली की त्या दोघांना एकदा वर पाठव. आणि पिंकीलाही सांग ही गोष्ट, उगाच शिंकांवर अडून बसलीय.

संपवते. मेतकूट, भडंग, गोडा मसाला सगळं पोचलं. भडंग अर्धं प्रालँला पोचायच्या आत संपलं, उरलेलं मी मुलांपासून लाइफजॅकेटच्या कपाटात लपवलंय. भिशीतल्या सगळ्याजणींना मावशीनं बोटीवर या म्हणून सांगितलंय असं ऐकलं. आई, ते थांबव. दर बाईमागे मला किती वेळा 'रस्ता कोणता' याचं उत्तर द्यावं लागेल याचा विचार कर.

तुझे गुडघे, बाबांची पाण्याची भीती, दादाची गच्ची, हे सगळं मला पाठ आहे. डिंगीतून उतरायला मी शिडी करून घेतलीय. श्रीरंगनं तिला रबर लावलंय, घसरत नाही. दिवाळीनंतर वारा पडतो, समुद्र तेव्हा सपाट असतो. पासपोर्टचे अर्ज दादाला भरायला सांग, तुझा संपलाय आणि बाबांचा संपत आलाय. आणि फोटो काढायला जाताना बाबांना कवळी घालायला लाव, नाहीतर इथल्या विमानतळावर ते स्वतःसारखे दिसायचे नाहीत.

तुझी,
चिमी

ता. क. वहिनीला म्हणावं, कुकरची रिंग पाठव. पाच लिटरची. इथं मिळते, पण किंमत सांगत नाही, काकांच्या कानावर जाईल.